बाजाराच्या दुसऱ्या दिवशी



मागच्या हंगामातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही भरून झाली, आणि उठता उठता आमच्यातल्या एका मावशींना खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं, पाठ चोळली. थोडा दम खाऊन त्या म्हणाल्या, "काही नाही गं, काल बाजार होता ना. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी असंच धरतं. मग दोन-तीन दिवसांत सवय होऊन जाते."

मावशी जिनिंगला जातात. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की चार-पाच महिने काम. आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी. आम्ही हसलो. कुणी म्हणालं, बाजारातली भजी बाधत असतील. कुणी म्हणालं, उन्हात फिरल्यानं होत असेल. मावशीही हसल्या.

पुढे या कार्यक्रमासाठी दम्याची माहिती गोळा करायला बसलो, तेव्हा आमचं आम्हालाच वाईट वाटलं. मावशी जे बोलल्या, तेच दुसऱ्या देशातल्या कापूस कामगारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ते खरं होतं, आणि ते मानायला शहाण्या माणसांना फार वर्षं लागली. आज आम्ही तीच हकिगत सांगणार आहोत.

सुरुवात इटलीतून करू. तिथल्या मोदेना नावाच्या शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर होते. एकदा त्यांच्या घराचा मैलाखड्डा उपसायला माणूस आला होता. तो फार घाईनं काम करत होता. डॉक्टरांनी विचारलं, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलं की डोळे जातात. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, तर ते लाल झाले होते. मग शहरात तेच काम करणारे दुसरे लोक पाहिले. काहींची नजर खरंच गेली होती.

त्या दिवसापासून रामाझिनी कामाच्या जागी जाऊन माणसं पाहू लागले. 1700 साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात कोणत्या धंद्यात कोणतं दुखणं होतं ते धंद्याप्रमाणे लिहिलं होतं. पिठाच्या चक्कीवाले, पाव भाजणारे, धान्य चाळणारे आणि मापणारे, धागे विंचरणारे. धान्याच्या आणि पिठाच्या धुळीनं या लोकांना धाप लागते, विंचरणाऱ्यांना खोकला आणि दमा होतो, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. डॉक्टरांनाही त्यांनी एक गोष्ट सांगितली. गरिबाच्या घरी गेलात तर साध्या तिवईवर बसा, घाई करू नका, आणि दुखणं विचारता तसंच हेही विचारा की तू काम काय करतोस?

आता आम्हीच आम्हाला विचारलं, आपल्या केसपेपरवर काय काय लिहिलेलं असतं? नाव, वय, गाव, वजन, बीपी. कामाच्या जागी काय असतं? बहुतेकींच्या केसपेपरवर कामाची जागाच नव्हती. जिथे होती तिथे 'गृहिणी' लिहिलं होतं. जिनिंगला जाणारी गृहिणी, मिरची कांडपावर जाणारी गृहिणी, मळणीयंत्राच्या तोंडाशी उभी राहणारीही गृहिणी. तीनशे वर्षांपूर्वीचा तो एक प्रश्न आपल्याला अजून कुणी विचारत नाही.

रामाझिनींच्या वेळी यंत्रं नव्हती. पुढे शंभरेक वर्षांत युरोपात सूतगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस हातानं पिंजला तर धूळ थोडी. यंत्रानं पिंजला तर ती मणानं उडते. खरं तर या धुळीत कापूस कमी आणि इतरच जास्त असतं. बोंडाची सुकलेली टरफलं, पानांचा चुरा, माती, आणि या सगळ्यावर वाढलेले जंतू. हे छातीत गेलं की श्वासाच्या नळ्या आक्रसतात.

बेल्जियममध्ये गेंट हे गिरण्यांचं शहर. तिथे 1845 साली दोन डॉक्टरांनी गिरणी कामगारांची पाहणी केली. कामगारांनी त्यांना सांगितलं, धुळीचा त्रास सोमवारी आणि मंगळवारी जास्त होतो, आठवडा संपत येतो तसा कमी होतो. रविवारी सुट्टी असायची. मावशींचा बाजार म्हणजे त्यांचा रविवार.

असं का होतं, ते साध्या शब्दांत सांगतो. रोज धूळ जात असली की शरीर तिच्याशी कसंबसं जुळवून घेतं. एक दिवस सुट्टी मिळाली की ते जुळवलेलं सुटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ गेली की छाती आवळते. म्हणून सुरुवातीला त्रास फक्त सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होतो. काही वर्षांनी तो दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही होतो. मग रोज होतो. आणि मग काम सोडलं तरी जात नाही. मावशी म्हणतात 'सवय होते'. पण सवय झाली म्हणजे बरं झालं, असं नव्हे. हे आम्ही दोनदा सांगू, कारण आमच्यातल्या कितीतरी जणींचा हाच समज होता. सवय झाली म्हणजे बरं झालं, असं नव्हे.

या दुखण्याला 1877 साली एका फ्रेंच डॉक्टरानं नाव दिलं, बिसिनोसिस. 1908 साली इंग्लंडच्या फॅक्टरी खात्यातल्या डॉक्टरांनी सोमवारच्या छाती आवळण्याची नोंद सरकारी अहवालात केली. तरी भरपाई मिळायला 1941 साल उजाडलं. ती कुणाला? पिंजण खात्यात निदान वीस वर्षं काढलेल्या आणि आता कामातून पूर्ण गेलेल्या पुरुषांना. त्याच खात्यात बायाही होत्या. एकच धूळ, एकच छत. पण बायांना त्या योजनेत जागा नव्हती. त्यांचा नंबर नंतरच्या कायद्यानं लागला.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं 1854 साली ठरलं, आणि पाहता पाहता परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग धुरांड्यांनी भरला. त्यालाच गिरणगाव म्हणतात. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून माणसं तिथे गेली. बायाही गेल्या. 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीळ खात्यात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणायचे.

या गिरण्यांत आधी आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. उजाडताना आत आणि मावळताना बाहेर, असे दिवसामागून दिवस. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं. लोखंडे जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर करा, आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार द्या, अशा मागण्या होत्या. 1890 च्या एप्रिलात त्यांनी सभा घेतली. दहा हजारांवर कामगार जमले आणि दोन बायाही बोलायला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज रविवार कुणी मिळवून दिला हे आपल्या लक्षातही नसतं. पण आम्हाला या गोष्टीत आणखी एक दिसलं. रविवार मिळाला, म्हणून सोमवार वेगळा झाला. जिथे सुट्टीच नाही तिथे छाती कोणत्या दिवशी आवळते हे कळणार कसं? सगळेच दिवस सारखे. विसावा मिळाला, तेव्हा दुखण्याला वार मिळाला.

लोखंडेंच्या अर्जात इजेची भरपाई होती. यंत्रात बोट गेलं तर रक्त दिसतं, सगळे धावतात. धूळ छातीत जाते तेव्हा काहीच दिसत नाही. म्हणून ती कुठल्या अर्जात सहसा येत नाही. आपल्याकडे बरीच वर्षं डॉक्टर मंडळीही म्हणायची की हे सोमवारचं दुखणं विलायतेतलं, भारतात ते फारसं नाही.

नाही कसं? आमच्यापैकी एकीचे आजोबा गिरणीत होते. पिंजण खात्यात. तिची आजी सांगायची, ते पन्नाशीच्या आतच गावी परत आले. 'मुंबईची हवा मानवली नाही', असं सगळे म्हणायचे. ओसरीवर उशाशी तीन उशा घेऊन बसून झोपायचे. आजीनं अकरा वर्षं त्यांचं केलं. शेतही तिनंच केलं. आमच्यात विचारपूस केली तर असे आणखी आजोबा निघाले, एकीची आत्याही निघाली. सगळ्यांची हवाच बिघडली होती म्हणे.

आता बघा, डॉक्टर तपासायला जाणार गिरणीत. तिथे भेटणार ते कामावर येऊ शकणारे लोक. ज्याची छाती गेली, तो गावी ओसरीवर. मग गिरणीतली मोजणी कमीच भरणार. दुखणं गावाला पाठवून दिलं आणि मुंबईचा आकडा साफ राहिला. गावात त्याची मोजणी कुणी केली? ती आजीनं केली, रात्री उठून उठून. पण तिच्या मोजणीला कागद नव्हता.

1970 नंतरच्या वर्षांत परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या, काही वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली, आणि हा रोग आपल्याकडेही आहे हे दाखवून दिलं. अमेरिकेत त्याच सुमाराला वेगळीच गोष्ट घडली. तिथल्या कॅरोलायना भागातल्या सूतगिरण्यांतून निवृत्त झालेल्या, धाप लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी 1975 साली आपली संघटना काढली. त्यांत बाया पुष्कळ. त्यांनी गावोगाव श्वास तपासायची शिबिरं घेतली. घरी बसलेल्यांची मोजणी त्यांनी स्वतःच केली. 1978 साली तिथल्या सरकारनं गिरणीच्या हवेत कापसाची धूळ किती असू द्यायची, याची मर्यादा घातली. मालक कोर्टात गेले. 1981 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला.

मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. पण कापूस बंद पडला नाही, आणि जिनिंगही बंद पडली नाही. जिनिंगची कथा गिरणीपेक्षा जुनी आणि जास्त कडू आहे. 1881 साली देशात पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो लागू होता शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांना. जिनिंग हंगामी, म्हणून बाहेर. 1884-85 मध्ये मुंबई सरकारनं चौकशी नेमली, तेव्हा खानदेशातल्या जिनिंगच्या साक्षी झाल्या. हंगाम जोरात असला की बाया पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्रीपर्यंत कामावर असत. हंगामी कारखाने कायद्यात यायला 1911 साल लागलं.

पुढे 1948 साली राज्य विमा कायदा झाला. कामगारानं थोडे पैसे भरायचे, मालकानं जास्त भरायचे, आणि आजारपणात औषधपाणी आणि पगाराचा काही भाग मिळायचा. फार चांगला कायदा. पण तो हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता, याची जी यादी त्या कायद्यात दिली, त्यात पहिलंच नाव जिनिंगचं. हे वाचलं तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. धूळ चार महिने असली तरी छाती बारा महिन्यांची असते.

अगदीच काही नाही असं मात्र नाही. फॅक्टरी कायद्याच्या आणि नुकसानभरपाईच्या कायद्याच्या रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा हा रोग पुढे घातला गेला. पण यादीत नाव असून भागत नाही. कुणीतरी डॉक्टरानं लिहावं लागतं की या बाईचं दुखणं त्या कामाचं आहे. आणि डॉक्टर ते लिहिणार कधी? काम विचारलं तर.

हा झाला कापूस. आमच्यातल्या सगळ्याच जणी जिनिंगला जात नाहीत. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणी मळणीवर जाते, कुणी कोंबड्यांच्या शेडमध्ये, कुणाचा मुलगा सुतारकाम करतो, कुणाचा गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारतो. या कामांतही दमा होतो, पण त्याची चाल वेगळी. पीठ, धान्याची धूळ, लाकडाचा भुसा, काही रंगांतली रसायनं, यांनी पहिल्या दिवशी काही होत नाही. महिने जातात, कधी वर्षं जातात. मग शरीर एकदा बिथरतं, आणि त्यानंतर थोडीशी धूळही पुरते. हा त्रास आठवडाभर चढत जातो आणि सुट्टीत उतरतो. कधी कामावर काही होत नाही, घरी येऊन रात्री धाप लागते. मग आपण म्हणतो रात्रीच्या गारव्यानं झालं. माहेरी आठ दिवस राहिलं की एकदम बरं वाटतं. मग आपण म्हणतो माहेरचं पाणी मानवलं.

इथेही वारच उपयोगी पडतो. स्पेनमध्ये बार्सिलोना हे बंदराचं शहर. 1981 पासून तिथे अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या रोग्यांची दवाखान्यात रीघ लागायची. काही माणसं दगावली. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. डॉक्टर चक्रावले. हवा तपासली, धूर तपासला. शेवटी त्यांनी दोन तारखांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक रोग्यांची, एक बंदरात कोणत्या दिवशी कोणता माल उतरला त्याची. ज्या ज्या दिवशी रीघ, त्या त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरलं होतं. धान्य साठवायच्या एका उंच कोठाराला धूळ अडवायची पिशवीची गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर शहरावर जायची. 1987 पर्यंत असे सव्वीस दिवस सापडले. गाळण्या बसवल्या आणि रीघ थांबली. आपल्याकडे सोयाबीनची मळणी होते तेव्हा यंत्राच्या तोंडाशी कोण उभं असतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

गेंटचे कामगार, मुंबईचे गिरणीवाले, कॅरोलायनातल्या म्हाताऱ्या बाया, बार्सिलोनाचे डॉक्टर, सगळ्यांचं शेवटी एकाच गोष्टीवर आलं. कोणत्या दिवशी? काय काम होतं त्या दिवशी?

म्हणून आम्ही आमच्या गटात एक वही घातली आहे. कर्जाच्या वहीसारखीच, चार रकान्यांची. पहिल्यात तारीख आणि वार. दुसऱ्यात त्या दिवशी काय काम केलं, किती वेळ. तिसऱ्यात खोकला, धाप, छातीत शिट्टी, रात्री उठावं लागलं का. चौथ्यात सुट्टी होती का, गावाला गेलात का. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहायचं. चुलीचा धूर, घरातली बिडी हेही लिहायचं, कारण त्यानंही छाती बिघडते आणि डॉक्टरांना दोन्ही कळलं पाहिजे. तीन-चार आठवडे लिहिलं की वार आपोआप दिसायला लागतात.

ती वही घेऊन दवाखान्यात जायचं आणि विचारण्याची वाट न पाहता सांगायचं, मी हे काम करते, इतकी वर्षं करते. केसपेपरवर ते लिहायला सांगायचं. फुंकर मारून श्वास मोजायचं एक छोटं नळीसारखं साधन असतं, ते असेल तर कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी मोजून घ्यायचं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर टीबीची थुंकी तपासणीही करायचीच, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. डॉक्टरांनी दिलेला पंप मनानं बंद करायचा नाही. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे.

तोंडाला पदर बांधून बारीक धूळ अडत नाही, हेही सांगून ठेवतो. धूळ अडवायची ती यंत्रापाशी. ओढून घेणारा पंखा, बंद झाकण, कोरड्या झाडूनं जमीन न झाडणं, ही मालकाची कामं आहेत आणि ती एकटीनं मागितली तर कामावरून काढतात. दहा जणींनी मागितली तर निदान ऐकून घेतात. काम सोड म्हणणं आम्हाला सोपं वाटत नाही. त्या चार महिन्यांच्या मजुरीवर मावशींच्या घरचं वर्ष चालतं. पण दुखणं लवकर कळलं आणि धुळीतून लवकर बाहेर पडता आलं, तर छाती सुधारायची आशा जास्त असते. उशीर झाला की ती आशा कमी होते.

मावशींनी हंगामाचे शेवटचे पाच आठवडे वही लिहिली, म्हणजे त्या बोलल्या आणि त्यांच्या नातीनं लिहिली. बाजाराच्या दुसऱ्या दिवसापुढे पाचही वेळा 'छाती जड' लिहिलं आहे. आम्ही दोघी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. पुढची तपासणी जिल्ह्याला करायची आहे. पण निघताना मावशींनी केसपेपर नातीकडून वाचून घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'काम: जिनिंग, 9 हंगाम'.

मावशी म्हणाल्या, "आता कुणी भज्यांचं नाव घेऊ नका."